जुनी अवजड यंत्रं आणि ती चालवणारे हात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोड रोलर, तारेच्या दोरावर चालणारं एक्स्कॅव्हेटर, लिव्हरवाला डोझर. अशी यंत्रं कुठे गंजत उभी दिसली की ज्यांची पावलं थबकतात, त्यांच्याकडून साधारण हेच प्रश्न येतात. विचारणारा यंत्राबद्दल विचारतो आणि उत्तर माणसावर जाऊन थांबतं. त्याला इलाज नाही, कारण या यंत्रांचं निम्मं काम ऑपरेटरच्या हातापायांतच होतं.

किती जुनं म्हणजे जुनं?

वर्षाची रेघ ओढण्यात अर्थ नाही. इंजिनाची ताकद बादलीपर्यंत किंवा पात्यापर्यंत कशी पोचते ते पाहावं. तेलाच्या दाबाने, म्हणजे हायड्रॉलिकने पोचत असेल तर यंत्र आपल्या काळातलं. वाफ, दातेरी चाकं, तारेचे दोर आणि घर्षणावरचे क्लच यांतून पोचत असेल तर जुनं. जेसीबीने पहिला बॅकहो लोडर, म्हणजे पुढे माती भरणारं आणि मागे खोदणारं यंत्र, १९५३ साली काढला आणि १९७९ मध्ये कंपनी भारतात आली. पण नवं आलं म्हणून जुनं लगेच मोडीत गेलं नाही. सरकारी खात्यांत आणि खाणींत दोन्ही पिढ्या बराच काळ शेजारी शेजारी राबल्या.

समोरचा रोलर वाफेचा आहे की डिझेलचा, हे कसं ओळखायचं?

पुढच्या रोलावर उभं धुराडं, त्यामागे आडवा गोल बॉयलर, बाजूला मोठं फ्लायव्हील आणि ड्रायव्हरच्या पायाशी भट्टीचं दार असेल तर तो वाफेचा. धुराड्याच्या जागी रेडिएटर आणि बॉयलरच्या जागी इंजिनाचा पत्र्याचा डबा असेल तर डिझेलचा. फसगत होते ती बाकीच्या सांगाड्यामुळे. पुढे एक रुंद रोल, मागे दोन मोठी लोखंडी चाकं आणि वर छत, ही ठेवण वाफ गेल्यावरही बदलली नाही.

स्टिअरिंगही बघा. जुन्या रोलरमध्ये ते वर्म गिअर आणि साखळीवर चालतं. चाक भराभर फिरवावं लागतं आणि साखळीतली ढील निघाल्यावर मगच पुढचा रोल वळायला लागतो. त्यामुळे वळण यायच्या बरंच आधी ड्रायव्हरचे हात हलायला लागतात.

हे रोलर आपल्याकडे आले कुठून?

यात आपल्या देशाचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा जुना आहे. १८६३ साली कलकत्ता नगरपालिकेचे इंजिनिअर विल्यम क्लार्क यांनी बर्मिंगहॅमच्या बॅथो यांच्यासह वाफेच्या रोलरचा आराखडा केला होता. म्हणजे या यंत्राच्या जन्मकथेत पहिल्या काही पानांतच कलकत्त्याचे रस्ते आहेत. पुढे धंदा वाढवला तो इंग्लंडमधल्या रोचेस्टरच्या अ‍ॅव्हलिंग अँड पोर्टर कंपनीने. त्यांच्या रोलरच्या पुढच्या बाजूला दोन पायांवर उभा पितळी घोडा असतो. तो केंट परगण्याचं चिन्ह. कुठल्या रोलरवर तो अजून शाबूत दिसला तर नशीब समजा, कारण पितळ भंगारवाल्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली टाटांच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, इंग्लंडच्या मार्शल कंपनीच्या सहकार्याने वाफेचे रोलर काढले. ट्रकच्या जगात टाटांचं नाव १९५४ नंतर झालं. त्याआधी त्यांनी रेल्वे इंजिनं आणि रोलर केले होते, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

रोलर तर नुसता पुढे-मागे जातो. त्यात कसब कसलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो.

खडीचा जुना रस्ता, म्हणजे डांबराआधीचा थर, कसा बसायचा ते पाहा. खडी पसरली की रोलर आधी कडेला चालवायचा आणि तिथून हळूहळू मध्याकडे सरकायचा. उलट केलं तर खडी कडेला पळते आणि रस्त्याचा उंचवटा बसतो. वळणावर रस्ता एका बाजूला कललेला असतो, तिथे खालच्या, आतल्या कडेपासून सुरुवात करून वर चढायचं. प्रत्येक फेरीत मागच्या चाकाने आधीच्या पट्ट्याचा अर्धा भाग पुन्हा दाबला पाहिजे. हे सगळं मागे वळून, खाली वाकून, चाकाच्या कडेकडे बघत. आरसा नाही, सेन्सर नाही.

मग पाणी, मग बारीक खडी, मग मुरूम, आणि प्रत्येक थरावर पुन्हा फेऱ्या. किती फेऱ्या? पुस्तकात आकडा असतो, पण खडी कुठल्या खाणीची, ऊन किती, पाणी किती मुरलं यावर तो बदलतो. चाकापुढे खडी लाटेसारखी सरकायची थांबली की थर बसला. जुना ड्रायव्हर एक सुटा दगड चाकाखाली टाकायचा. दगड थरात रुतला तर काम बाकी, जागच्या जागी फुटला तर झालं. त्यानंतरही रोलर फिरवत राहिलं तर खडीचा भुगा होतो. रोलर कधी थांबवायचा हे ज्याला कळतं तो ड्रायव्हर.

डांबराच्या कामात आणखी एक परीक्षा. दिशा बदलताना झटका बसला की गरम थरावर आडवी लाट उठते आणि ती वर्षानुवर्षं प्रत्येक एसटीच्या प्रवाशाला जाणवत राहते. ताज्या थरावर रोलर उभा ठेवला तर खड्डा. चाक कोरडं राहिलं तर डांबर चिकटून थरच उचलला जातो. वाफेचा रोलर इथे फार गुणी होता. त्याला गिअर पाडून, क्लच दाबून दिशा बदलावी लागत नाही. उलटीचा लिव्हर ओढायचा, वाफ दुसऱ्या बाजूने सिलिंडरमध्ये जाते आणि आठ-दहा टनांचं धूड न हिसकता मागे यायला लागतं. डिझेल आल्यावरही काही जुनी माणसं वाफेचीच बाजू घेत ती नुसत्या हट्टापायी नाही.

वाफेच्या रोलरमध्ये धोका नेमका कुठे असतो?

पाण्यात. भट्टीचं छत सतत पाण्याखाली राहिलं पाहिजे. ते उघडं पडलं तर पत्रा तापून मऊ होतो आणि वरून वाफेचा दाब असतोच.

आता घाट डोळ्यांपुढे आणा. धुराडं पुढे, भट्टी मागे. रोलर उतरायला लागला की बॉयलरमधलं पाणी पुढे धावतं आणि मागचं छत उघडं पडू शकतं. म्हणून उतार लागायच्या आधीच काचेच्या नळीत पाण्याची पातळी वर आणून ठेवायची. उतारावरच्या रोलरचा ड्रायव्हर एक डोळा रस्त्यावर आणि एक काचेवर ठेवून असे. शिवाय गुळगुळीत लोखंडी चाकं कठीण रस्त्यावर घसरतात आणि ब्रेकवर फार भिस्त नाही. वेग वाढूच द्यायचा नाही, हाच खरा ब्रेक.

भट्टीच्या छतात एक बूच असतं, लवकर वितळणाऱ्या धातूचं. पाणी कमी पडलं की ते वितळतं आणि वाफ सुटून आग विझते. जीव वाचतो, पण त्या दिवसाचं काम बुडतं आणि सगळ्यांना कळतं की ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं.

दोरीवरचं एक्स्कॅव्हेटर म्हणजे काय? पोकलेनपेक्षा ते वेगळं कसं?

आज ज्याला आपण सरसकट पोकलेन म्हणतो त्यात जॉयस्टिक जरा हलवली की तेल बादलीला ढकलतं, आणि सोडली की बादली जागच्या जागी थांबते. दोरीवरच्या यंत्रात काहीच आपोआप थांबत नाही.

इंग्लंडमधल्या लिंकनच्या रस्टन-ब्युसायरस कंपनीचं २२-आरबी हे या जातीचं नावाजलेलं यंत्र. कंपनी १९३० साली स्थापन झाली आणि तिची यंत्रं जगभर पोचली. २२-आरबीची बादली पाऊण घनयार्डाची, म्हणजे साधारण पाच बादल्यांत एक ब्रास (शंभर घनफूट). इंजिन एकच आणि सारखं एकाच दिशेने फिरणारं. त्यातून दोराचे ड्रम, यंत्र गोल फिरवणारी चकती आणि खालच्या लोखंडी साखळपट्ट्यांची चाल, सगळं क्लचने जोडायचं आणि तोडायचं. हातांत लिव्हर, पायांखाली ब्रेक. बादली वर उचलून धरली आहे म्हणजे कोणाच्या तरी पायाने ती धरली आहे.

क्लच म्हणजे ड्रमला घासून पकडणारा, अस्तर लावलेला पट्टा. तो एकदम आवळला तर झटका बसतो, दोर उसळतो, बूम, म्हणजे पुढचा लांब तिरपा दांडा, हादरतो. अर्धवट घासवत ठेवला तर हालचाल मऊ होते पण अस्तर तापतं. ऑपरेटर दिवसभर या दोन टोकांच्या मधल्या बोटभर जागेत खेळत असतो. पावसाळ्यात पट्टे ओले झाले की ब्रेक निसटतो. मग काम सुरू करण्याआधी ते घासवून कोरडे करायचे. उन्हाळ्यात तापून अस्तराची पकड बदलते, दुपारी पुन्हा आवळायचे. तेच यंत्र सकाळी आठला एक असतं आणि दुपारी तीनला दुसरं.

समोरच्या दरडीला खालून वर खरवडणारा शोव्हेल लावला असेल तर चार कामं एकात एक मिसळतात. उचलायचा दोर ओढतानाच बादलीचा दांडा दरडीत रेटायचा, भरली की ओढून घ्यायची, उचलता उचलताच यंत्र फिरवायचं, डंपरवर आल्यावर दोरीला झटका देऊन बादलीचं बूड उघडायचं, आणि परत फिरताना ती खाली सोडायची की दार आपल्या वजनाने मिटतं. कसलेला ऑपरेटर असेल तर या चार हालचालींचे सांधे दिसत नाहीत. नवशिक्या असेल तर प्रत्येक सांधा ऐकू येतो.

याच यंत्राची पुढची बाजू बदलून क्रेन, ड्रॅगलाइन, जबड्याची बादली, पाइल ठोकण्याची घोडी असे अवतार करता येत. प्रत्येक अवताराला हातांची सवय वेगळी.

ड्रॅगलाइनचा ऑपरेटर बादली खरंच फेकतो का?

हो, आणि संधी मिळाली तर हे जरूर बघा. ड्रॅगलाइनची बादली लांब बूमला दोन दोरांनी लटकते. एक वर उचलणारा, एक यंत्राकडे ओढणारा. बादली आधी आत ओढून घेऊन ओढीचा दोर योग्य क्षणी सोडला की ती झोक्याने बूमच्या टोकाच्याही पलीकडे जाऊन पडते. हातजाळं टाकणारा कोळी जसा अंगाचा झोका देतो तसंच, फक्त इथे झोका देणारा माणूस काही टनांच्या लोखंडाला तो देत असतो. दोर क्षणभर उशिरा आवळला तर ढिले वेढे ड्रमवर चढतात, लवकर आवळला तर बादली अर्ध्यातच गप्प.

कालव्याचा किंवा नदीचा गाळ काढताना तर बादली पाण्याखाली दिसतही नाही. दोराचा ताण आणि इंजिनाचा बदलणारा आवाज यावरून ती भरली की दगडाला अडली ते ओळखायचं.

ही जात अजून संपलेली नाही. सिंगरौलीच्या कोळसा खाणींत २४ घनमीटरची बादली आणि ९६ मीटरचा बूम असलेल्या ड्रॅगलाइन काम करतात. आणि आकाराचीच हौस असेल तर अमेरिकेतल्या ओहायोमधली बिग मस्की: २२० घनयार्डाची बादली, एका घासात साधारण ५९ ब्रास. १९९१ मध्ये ती बंद पडली, १९९९ मध्ये मोडीत निघाली. बादली तेवढी स्मारक म्हणून ठेवली आहे.

डोझर उतारावर उलटा वळतो म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि ते माहीत नसलेल्या माणसाने जुन्या डोझरवर बसू नये. जुना डोझर दोन लोखंडी साखळपट्ट्यांवर चालतो, त्याला स्टिअरिंगचं चाक नसतं. डावा लिव्हर ओढला की डाव्या पट्ट्याची ताकद तुटते, उजवा पट्टा ढकलत राहतो आणि यंत्र डावीकडे वळतं. हे सपाटीवर किंवा चढावर. तीव्र उतारावर यंत्राचं वजनच त्याला खाली ढकलत असतं आणि इंजिन त्याला रोखून धरत असतं. तिथे डावा लिव्हर ओढला की डावा पट्टा मोकळा सुटून पुढे धावतो, उजवा अडवलेला राहतो आणि यंत्र उजवीकडे वळतं. म्हणजे उतारावर हात उलटे चालवायचे, किंवा लिव्हरबरोबर त्याच बाजूचा ब्रेक दाबायचा. चढ संपून उतार सुरू होतो ती जागा ऑपरेटरला बुडाखाली कळावी लागते. १९६० साली सीमा रस्ते संघटना स्थापन झाली तेव्हापासून हिमालयात डोंगर कापणाऱ्यांनी हे गणित दरीच्या काठावर सोडवलं आहे.

आपल्याकडचे पहिले डोझर ऑपरेटर कुठे शिकले?

शाळेत नाही, एवढं नक्की. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराची बरीच यंत्रं इथे मागे राहिली. त्यातले पट्ट्यांचे ट्रॅक्टर घेऊन केंद्र सरकारच्या ट्रॅक्टर संघटनेने मध्य भारतातली कांस नावाच्या चिवट गवताने व्यापलेली जमीन नांगरायला घेतली आणि १९४९ मध्ये त्याच कामाच्या यंत्रांसाठी जागतिक बँकेकडून १ कोटी डॉलरचं कर्जही मिळालं. कांसाची मुळं खोल जातात. बैलांच्या नांगराला दाद न देणारी ती जमीन हीच अनेकांची शाळा झाली. बाकी सगळं उस्तादाच्या हाताखाली: आधी पुसणं, मग ग्रीस मारणं, मग डिझेल भरणं, मग कधीतरी दुपारच्या सुट्टीत लिव्हरला हात.

मोठं डिझेल इंजिन सुरू करायला आधी पेट्रोलचं इंजिन लागायचं?

कॅटरपिलरच्या जुन्या यंत्रांना, हो. १९३१ पासूनच्या त्यांच्या डिझेल ट्रॅक्टरवर दोन सिलिंडरचं एक छोटं पेट्रोल इंजिन बसवलेलं असे. ते आधी चालू करायचं आणि त्याच्या गरम पाण्याने मोठं इंजिन ऊबदार होऊ द्यायचं. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, सोडून त्याला फिरवायचं, तेल पोचलं की कॉम्प्रेशन बसवायचं आणि शेवटी डिझेल उघडायचं. घाई केली की पुन्हा पहिल्यापासून.

पनामा कालव्याचा उल्लेख प्रत्येक वेळी का येतो?

कारण ऑपरेटरला मान मिळाल्याचं तेवढं मोठं उदाहरण दुसरं नाही. १९०६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तिथे जाऊन भर पावसात ९५ टनी ब्युसायरस वाफेच्या शोव्हेलवर बसले आणि तो फोटो जगभर गेला. १९०७ पासून कालव्याचं साप्ताहिक कोणत्या शोव्हेलने किती माती काढली याचे आकडे छापू लागलं आणि ऑपरेटरांत चुरस पेटली. १९०९ च्या मार्चमध्ये कुलेब्रा खिंडीत ६८ शोव्हेलनी मिळून २० लाख घनयार्डांहून जास्त माती-दगड काढला, म्हणजे सव्वापाच लाख ब्रासच्या वर.

पण हे चित्र अर्धंच आहे. शोव्हेलच्या लिव्हरवर गोरे अमेरिकन होते, त्यांना पगार सोन्याच्या नाण्यांत. रूळ सरकवणारे, सुरुंग भरणारे बहुतेक बार्बाडोस आणि आसपासच्या बेटांवरचे कृष्णवर्णीय मजूर, त्यांना चांदीत, आणि राहणं-खाणंही वेगळं. शोव्हेलच्या पुढ्यातला रूळ वेळेवर सरकला नसता तर एकही विक्रम झाला नसता.

आपल्या ऑपरेटरांची नावं कुठे सापडतात?

जवळजवळ कुठेच नाही. जायकवाडीचं धरण घ्या. पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते. हे कोणालाही सापडतं. जवळपास १० किलोमीटर लांबीचा तो मातीचा बांध आहे. मातीचा बांध थराथराने दाबावा लागतो, आणि त्या प्रत्येक थरावरून कोणीतरी रोलर नेला आहे. त्यांची नावं हजेरीपटात आणि यंत्रांच्या लॉगबुकात होती. लॉगबुकं रद्दीत गेली. रस्त्यांच्या बाबतीतही तेच. रस्त्याच्या एका तुकड्याची निगा राखणाऱ्या मैलकुलीला तिथल्या रोलर ड्रायव्हरचं नाव माहीत असायचं, खात्याला नाही. मला विचाराल तर यंत्र जपण्याआधी ती रद्दी जपायला हवी होती.

निवृत्त ऑपरेटर भेटले तर काय विचारावं?

"कसे दिवस होते?" असं विचारू नका, उत्तर "चांगले होते" एवढंच येतं. यंत्राच्या बारकाव्यातून शिरा. ब्रेकचे पट्टे किती दिवसांनी आवळायचात? तारेचा दोर बदलायचा हे कशावरून ठरवायचात? कोणत्या यंत्राला कोणती खोड होती? रात्रपाळीला उजेड कसला होता? उस्ताद कोण आणि त्यांनी लिव्हर पहिल्यांदा कधी हातात दिला? शक्य असेल तर काकांना कुठल्या तरी उभ्या यंत्राच्या सीटवर बसवून विचारा आणि त्यांचे हात चित्रित करा. तोंडाला न आठवलेलं हातांना आठवतं. काही जण कानाने अधू झालेले असतील, आयुष्यभर उघड्या इंजिनाशेजारी बसल्यामुळे. जरा मोठ्याने आणि समोरून बोला.

अशी यंत्रं बघायची तर कुठे?

आपल्याकडे बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांची जुनी आवारं, कार्यशाळा आणि साखर कारखान्यांचे मागचे कोपरे. आत जाताना परवानगी घ्या. इंग्लंडात असाल तर कुंब्रियातल्या थ्रेलकेल्ड खाण संग्रहालयात जा. तिथे १९०९ सालचा वाफेचा रस्टन प्रॉक्टर शोव्हेल आहे, जो पाण्याने भरलेल्या खाणीच्या तळाशी कित्येक दशकं पडून होता आणि १९७७ मध्ये वर काढला गेला. अमेरिकेत ओहायोमधल्या बोलिंग ग्रीनला जुन्या बांधकाम यंत्रांचं संग्रहालय आहे.

जुना रोलर रंगवून चौकात उभा करणं चांगलं का?

भंगारात जाण्यापेक्षा चांगलं. पण बहुतेक वेळा कंपनीच्या पाटीवर आणि अनुक्रमांकावर रंगाचे चार हात चढतात आणि यंत्राची ओळखच बुजते. सगळं पिवळंधमक करायचीही गरज नाही. कॅटरपिलरने स्वतःचा करडा रंग सोडून पिवळा घेतला तोच १९३१ मध्ये. रंगवण्याआधी पाटीचा फोटो काढा, जुन्या रंगाचा एखादा तुकडा झाकून ठेवा, धुराड्यावर टोपी बसवा म्हणजे पावसाचं पाणी बॉयलरमध्ये उतरणार नाही. आणि शेजारच्या फलकावर उद्घाटकाच्या नावाखाली तरी तो चालवणाऱ्याचं नाव लिहा.

मला वाफेचा रोलर घेऊन पुन्हा चालू करायचा आहे. जमेल का?

हौसेला मोल नाही, पण बॉयलरला कायदा आहे. पूर्वी १९२३ चा बॉयलर कायदा होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला. नोंदणी, तपासणी आणि प्रमाणपत्राशिवाय बॉयलर पेटवता येत नाही, आणि तेच योग्य आहे. कित्येक वर्षं उभ्या असलेल्या बॉयलरचा पत्रा आतून किती खाल्ला गेलाय ते बाहेरून कळत नाही. "जरा लाकडं घालून बघू" हा प्रयोग कधीही करू नका. सुरुवात डिझेलच्या तीन चाकी रोलरपासून करा. त्याचे सुटे भाग अजून मिळतात, ते ओळखणारे मिस्त्रीही मिळतात. आणि यंत्राच्या व्यवहाराआधी मिस्त्री शोधा. उलट क्रमाने गेलेल्यांचे रोलर अजून अंगणातच उभे आहेत.